सुधामावशीचे पत्ते आणि आईचा फॉर्म

“इंग्रजी येतं तिला, पण तोंड उघडत नाही. आपल्याला तशीच हवी,” सुधामावशी स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून आतलं ऐकत होते. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत खासगी बोलायचं तर गच्चीवर जावं लागे, आणि मावशीचे गुडघे दुखत, त्यामुळे ती सगळी गुपितं कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये सांगे. शिट्टी आली की थांबायची, वाफ ओसरली की पुढचं वाक्य. आई म्हणाली, “तशीच म्हणजे? मुलगी आहे माझी, गोदरेजचं कपाट नव्हे.” मावशी म्हणाली, “अगं, बायका मनातलं बोलतात तिथे. बाहेर जायला नको. आणि ही कोणाला सांगणार? परवा रिक्षावाल्याला ‘थांबा’ म्हणायला जमलं नाही म्हणून लकडी पुलाशी उतरायची ती पार डेक्कनच्या पुढे गेली.” कुकरची शिट्टी झाली. त्यानंतर आई जे म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ती हसत होती.

रिक्षाची गोष्ट खरी होती. मी तेव्हा नुकतीच पदवीधर झाले होते आणि जावा ही संगणकाची भाषा शिकत होते. त्या काळात पुण्यात ज्याला दुसरं काही सुचत नसे तो जावा शिके. शाळा नन्सची, माध्यम इंग्रजी, घर मराठी. परिणामी मला दोन्ही भाषा येत होत्या आणि दोन्हींत बोलायची लाज वाटत होती. घरातलं माझं स्थान वाचकाचं होतं. मिक्सरची वॉरंटी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, परदेशातून आलेल्या चॉकलेटात अंडं आहे का, हे सगळं माझ्याकडे येई. मी वाचून सांगायची आणि पुन्हा गप्प बसायची. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नसे. गप्प माणसासमोर लोक काय काय बोलतात, हे बोलक्या माणसांना कधीच कळत नाही.

सुधामावशी आईची धाकटी बहीण. ती पिंपरीकडे एका कारखान्यात टायपिस्ट होती. मग कारखान्यात संगणक आले, जपानी साहेब आले, आणि एके दिवशी टायपिस्टांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. “स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी,” असं ती म्हणे. मिळालेल्या पैशात तिने आणि काकांनी धायरीला फ्लॅट घेतला. तेव्हा धायरी म्हणजे गावच होतं. समोर उसाचं शेत, मागे टँकर. काका सकाळी सातला कामावर जात, मुलगा अमेरिकेत प्रोग्रॅमर, आणि तिसऱ्या मजल्यावर मावशी दिवसभर एकटी. तिने आधी पापड विकले. मग चुंबकाच्या गाद्या. मग फेंगशुई आलं आणि तिच्या दारात तीन पायांचा बेडूक बसला, खिडकीत नळ्यांचं झुंबर लागलं. धायरीचा वारा असा की ते झुंबर दिवसभर वाजे. काका म्हणत, शांती येण्यासाठी आणलंय, पण आधी त्याला शांत करा. शेवटी मुलाने तिकडून भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते पाठवले. अठ्ठ्याहत्तर पत्ते, आणि खोक्यात एक पुस्तिका, औषधाच्या डबीतल्या कागदासारखी घड्या घातलेली. सगळं इंग्रजीत. म्हणून मी.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक पत्त्याचा अर्थ मराठीत एका वहीत लिहायचा, सरळ आला तर एक, उलटा आला तर दुसरा. गणपतीच्या सुट्टीत मी ते काम घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले. पत्त्यांचे चार रंग: पेले, तलवारी, नाणी आणि चौथा म्हणजे हातात धरायच्या लांब काठ्या. काठ्या म्हटलं तर मावशी म्हणाली, “पोलीस आले असं वाटेल.” दंड म्हटलं तर तिला शिक्षा वाटली. अखेर तिने त्यांना लाटणी ठरवलं, आणि त्या वहीत आजही ‘लाटणी सहा, सरळ: विजय’ अशी नोंद आहे. मोठ्या पत्त्यांत एक महापुजारीण होती. मावशी म्हणाली, “पुजारीण नको, दक्षिणा मागेल असं वाटतं. गूढ बाई लिही.” सैतानाला तिने परस्पर शनी केलं, कारण शनीला सगळे ओळखतात. एका पायाने उलटा टांगलेला माणूस बघून ती म्हणाली, “हा रजा मंजूर व्हायची वाट बघतोय.” पुस्तिकेतही ‘प्रतीक्षा’ असंच लिहिलेलं होतं, तेव्हा मी तिच्याकडे थोडं आदराने बघितलं. पाठीत दहा तलवारी खुपसलेला मनुष्य होता, त्याच्यापुढे तिने ‘पाठदुखी, डॉक्टरांना दाखवणे’ लिहायला लावलं. आणि वीज पडलेला मनोरा आला की ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेणे’. हे माझं भाषांतर. पुढे आयुष्यात मी बरीच भाषांतरं केली, त्यासाठी पैसेही मिळाले, पण इतके समाधानी वाचक पुन्हा लाभले नाहीत.

दर गुरुवारी दुपारी बैठक असे. मावशीचा उपास असल्याने साबुदाण्याची खिचडी असे, आणि मला वाटतं निम्म्या बायका खिचडीसाठी येत. दाण्याचं कूट भरड, वर ओलं खोबरं, आणि कढईच्या तळाशी लागलेली खरपुडी मला. समोरासमोर मावशी आणि आलेली बाई, आणि एका बाजूला स्टुलावर वही घेऊन मी. म्हणजे मावशीला पत्ता एका बाजूने दिसे, बाईला दुसऱ्या, आणि मला प्रत्येक पत्ता आडवा. पहिल्याच दिवशी मी हळूच विचारलं, सरळ म्हणजे कोणाच्या बाजूने सरळ? पुस्तिकेत काहीच लिहिलेलं नाही. मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी चटणी उजवीकडे वाढली. “पाहुण्याच्या बाजूने. ताट आपण कोणाच्या बाजूने वाढतो? मीठ वर, भाजी उजवीकडे, ती जेवणाऱ्याच्या उजवीकडे ना? घरी आलेल्या माणसाला उलटं चित्र दाखवायचं का?” मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: सरळ म्हणजे पाहुण्याकडून.

बायका येऊ लागल्या. त्या इमारतीत निम्मे बिऱ्हाडकरू विदर्भातले होते, नोकरीसाठी आलेले. चंदा नावाची एक मुलगी होती, अमरावतीची, माझ्याच वयाची, पण जगाला माझ्यापेक्षा पुष्कळ कमी भिणारी. “मावशी, माह्या इंटरव्ह्यूचं काय ते सांगा न. पंधरा दिवस झाले, ते लोक कळवून नाही राहिले,” ती म्हणाली. सूर्याचा पत्ता तिच्या बाजूने उलटा पडला. मी वहीतून वाचलं: उशीर, पण अंधार नाही. चंदाने मला सांगितलं, “तू लय कमी बोलते, पण छान बोलते.” महिन्याने तिला हिंजवडीला नोकरी लागली आणि तिने पेढे आणले. एका बाईला मी पाठदुखी वाचून दाखवली तर तिला खरोखरच मणक्याचं दुखणं निघालं. वॉटरप्रूफिंगवाल्या तर दोन होत्या आणि दोघींची छतं गळत होती, पण त्यात नवल नाही. ती इमारत बांधणाऱ्याला मी पाहिलं होतं. मावशीचं नाव झालं. तिचा चेहरा बदलला. ती दुपारी केस विंचरून, चापूनचोपून साडी नेसून बसू लागली.

दिवाळीच्या आसपास मला अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर एक जाड पुस्तक मिळालं, टॅरोचंच. लेखिका कोणी परदेशी बाई, पाठीमागच्या फोटोत मांडीवर मांजर. प्रत्येक पत्त्याला चार चार पानं, आणि आधीच्या मालकाने पेन्सिलने केलेल्या खुणा. ‘Three of Swords’, म्हणजे तीन तलवारी खुपसलेलं काळीज, त्याच्याशेजारी त्याने नुसतं ‘चिंचवड’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याचं काय झालं असेल याचा मी आजही कधीकधी विचार करते. तर त्या पुस्तकात सातव्या पानावर स्पष्ट होतं: पत्ता सरळ की उलटा, हे वाचणाऱ्याच्या बाजूने ठरवावं. विचारणाऱ्याच्या नव्हे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे आतापर्यंतचं प्रत्येक भविष्य आम्ही बरोबर उलट सांगितलं होतं. चंदाचा सूर्य लख्ख सरळ होता. पाठदुखीवाली बरी होत आलेली होती. आणि तरी सगळं खरं ठरलं होतं. मी पुस्तक कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. सांगावं असं एकदाही वाटलं नाही असं नाही, पण मावशीचे विंचरलेले केस डोळ्यांसमोर यायचे. शिवाय गप्प बसायला मला कधी कारण लागत नसे.

आणि मग थंडीत आईच्या बँकेतही तोच फॉर्म आला.

आई एका सरकारी बँकेत क्लार्क होती, पेन्शनच्या खिडकीवर. तिला बघायचं तर तिथे बघावं. मी लहानपणी शाळेतून परस्पर तिथे जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसत असे. सुती साडी, कडक इस्त्री, केसांत एकच अबोली, आणि शिक्का मारण्याची तिची एक लय होती: शाईवर एकदा, कागदावर दोनदा. म्हातारे पेन्शनर तिच्याशी भांडायलाच येत. “बाई, सही जुळत नाही म्हणता, हात थरथरतो माझा.” “अहो मग आपण थरथरत केलेली सहीच नमुन्याला ठेवू ना, जोशीकाका, पुढल्या महिन्यात तुम्ही स्थिर झालात तर मी काय करू?” सगळी रांग हसायची. दुपारी चार जणींचे डबे उघडत आणि वर्तमानपत्रावर आठ भाज्या मांडल्या जात. घरी येताना मंडईतून भाजी, आणि भाजीबरोबर बातम्या: कोणाची बदली, कोणाचं जमलं, कोणी मॅनेजरला काय ऐकवलं. रविवारी मात्र ती वेगळीच बाई असे. अकरा वाजेपर्यंत डबे घासून पुन्हा घासलेले, बाबांचे जुने पेपर रद्दीत, माझ्या कपाटाची झडती. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलेलो असू.

फॉर्म टेबलावर आठ दिवस पडून होता. शनिवारी शेवटचा दिवस. आईने स्वेच्छानिवृत्ती घेऊ नये असं कोणीच म्हणत नव्हतं. बाबा शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, “दुपारी पोळी गरम मिळेल,” आणि हे त्यांनी इतक्या हळव्या सुरात म्हटलं की आईला रागही येईना. मावशीला तर सण आला होता. दोघी बहिणी मिळून बसायचं, गुरुवारबरोबर मंगळवारही ठेवायचा, पाटी लावायची. “ताई, किती वर्षं शिक्के मारणार तू? आता ते कॉम्प्युटर शिकायला लावतील. पोरं हसतील तुला.” शेवटचं वाक्य आईला लागलं. मी पाहिलं ते. बँकेत खरंच संगणक येत होते, आणि आई चार दिवस माझ्या जावाच्या पुस्तकाकडे चोरून बघत होती, पालीकडे बघतात तसं. तिला काय हवंय हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर कोणालाच काही विचारत नसे.

शुक्रवारी बँकेला कुठलीशी सुट्टी होती. आई जमिनीवर पेपर पसरून मटार सोलत बसली होती. मावशी धायरीहून दोन बस बदलून आली, पिशवीतून पत्ते काढले आणि मटारांसमोर बसकण मारली. आई पत्त्यांची थट्टाच करायची, गुरुवारी ती कधी फिरकली नाही. पण त्या दिवशी ती म्हणाली, “काढ. बघू तुझे पत्ते काय म्हणतात. पण एकच. पाच किलो सोलायचेत.” बाबांनी पेपर खाली केला. मला वही आणायला सांगण्यात आलं. आईने ओल्या हाताने मधला एक पत्ता ओढला आणि मावशीने तो पेपरवर, सालांच्या शेजारी, नीट आईसमोर मांडला.

नाणी आठ. बाकावर बसून हातोडी छिनी घेऊन एकामागून एक नाणी घडवणारा कारागीर. आईच्या बाजूने तो डोक्यावर उभा होता.

“उलटा,” मावशी म्हणाली. तिने आवाज जमेल तितका गंभीर ठेवला, पण आनंद लपत नव्हता. “वाच गं.”

मी वाचलं, कारण मी नेहमी वाचत असे. “नाणी आठ, उलटा. त्याच त्या कामाचा कंटाळा. बाजूला व्हायची वेळ.” माझंच अक्षर, माझंच भाषांतर. आई पत्त्याकडे बघत राहिली. “बिचारा,” ती म्हणाली, “डोक्यावर उभा राहूनसुद्धा कामच करतोय.” कोणी हसलं नाही. मग ती म्हणाली, “बरं. तुम्ही सगळे तेच म्हणताय, आता हाही म्हणतोय. पेन द्या.” बाबांनी खिशातलं पेन लगेच पुढे केलं. त्यांचं पेन कधी इतक्या लगेच निघत नसे. आईने मटारांचे हात पदराला पुसले. तिचा हात थोडा थरथरत होता, जोशीकाकांसारखा, आणि मला वाटलं की ही सही उद्या नमुन्याशी जुळायची नाही.

“मावशी, तो उलटा नाहीये,” मी म्हणाले.

माझा आवाज एवढा बारीक होता की मावशीने विचारलं, “कोण, तुझे बाबा?” मी पुन्हा म्हणाले. आत जाऊन कपड्यांखालचं जाड पुस्तक आणलं, सातवं पान काढलं, वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. वाचणाऱ्याच्या बाजूने. तुझ्या बाजूने तो सरळ आहे. सरळ म्हणजे कामात मन असणं, हातातलं कौशल्य. मावशीने पुस्तक घेतलं, मांजरवाल्या बाईचा फोटो बघितला, परत दिलं.

“म्हणजे पाच महिने मी बायकांना उलटं सांगत होते?”

“हो.”

“आणि तुला ठाऊक होतं?”

“दिवाळीपासून.”

“पण सगळं खरं झालं ना?”

“हो, मावशी.”

“मग पुस्तक चुकीचं आहे,” ती म्हणाली. या उत्तराबद्दल मला आजही तिचं कौतुक वाटतं. आता पत्ते सांगणारी मंडळी मोबाईलवर असतात, चेहऱ्यावर उजेड पाडून बसतात, आणि त्यांच्यातल्या एकीलाही हे सुचलं नसतं. मावशी नंतर आणखी अकरा वर्षं गुरुवार चालवत होती, पाहुण्याकडूनच. ती गेली तेव्हा वही माझ्याकडे आली.

पण त्या दुपारी ती माझ्यावर चिडली होती, आणि बाबा पेनाचं टोपण काढून बंद करून पुन्हा काढत होते, आणि आई माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “पुस्तक राहू दे. पत्ता राहू दे. तुझं काय म्हणणं आहे?”

हा प्रश्न मला घरात कधी कोणी विचारला नव्हता. ‘हे काय लिहिलंय’ असं विचारत, आणि त्याचं उत्तर कागदावर असे. याचं कुठेच नव्हतं. डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होत होती, चांगली, लांबलचक, नन्सना आवडतील अशी: आईच्या आत्मसन्मानाबद्दल, स्त्रियांच्या कामाबद्दल, एका पिढीबद्दल. त्यांचं मराठी करेपर्यंत आईने सही केली असती. 

पुढे काय झालं ते घरात तीन तऱ्हांनी सांगितलं जातं. मावशी सांगायची की मी पत्त्यांचा अपमान केला. बाबा सांगायचे की मी त्यांची गरम पोळी घालवली. आई, जी पुढे पुष्कळ वर्षं खिडकीवर होती आणि मॅनेजरच्या आधी कॉम्प्युटर शिकली, डब्याच्या वेळी मैत्रिणींना सांगायची की मुलीने मोठं भाषण केलं. भाषणबिषण काही नव्हतं. मटार सोलायचे राहिले होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी एका दमात म्हणाले, “आई, सही करू नकोस. मला तू दिवसभर घरात नको आहेस.”